एकविसावा गडी

8 ऑक्टोबर 2022. प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामाचा दुसरा दिवस, ठिकाण बंगळुरू. तमिळ थलैवाज आणि गुजरात जायंट्स मॅटवर उतरले, तेव्हा सगळ्यांच्या नजरा एकाच गड्यावर होत्या. पवन सेहरावत. थलैवाजनी त्याच्यासाठी लिलावात 2 कोटी 26 लाख रुपये मोजले होते आणि तोवर कबड्डीत कुणालाही एवढा भाव आला नव्हता. आधीच्या तीन हंगामांत त्याचे चढाईचे गुण होते 271, 346 आणि 304. हंगामाआधी चढाईपटूंची क्रमवारी लावणाऱ्याने पहिलं नाव लिहिताना फारसा विचार केला नसणार.

पहिल्याच सामन्याच्या पहिल्याच सत्रात एका पकडीत पवनचा गुडघा दुखावला. त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं. त्या हंगामात तो पुन्हा खेळला नाही.

पवनची जागा ज्याने भरून काढली, तो नरेंदर कंडोला त्या वर्षी लीगमध्ये पहिल्यांदाच खेळत होता. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर चढाईचे 243 गुण होते आणि थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचले होते. क्रमवारीतला पहिला गडी एका सामन्यात संपला आणि ज्याचं नाव बहुतेकांच्या वहीत नव्हतं, त्याने अडीचशेच्या आसपास गुण केले. अशी उलथापालथ होऊनही हंगामाआधी क्रमवारी लावण्यात काही अर्थ उरतो का? उरतो, आणि भरपूर उरतो. फक्त ती कशाची क्रमवारी आहे, हे नीट समजून घ्यायला हवं.

बांधी ते मॅट

भंडारा जिल्ह्यात साकोलीहून लाखांदूरकडे जाताना सानगडी लागतं. टेकडीवर सहानगडाचे अवशेष, आजूबाजूला तळी आणि धानाच्या बांध्या. दिवाळीच्या सुमारास हलकं धान कापणीला येतं, भारी धान अजून उभं असतं. पाठोपाठ गावोगावच्या मंडया भरू लागतात, दंडार होते, रात्री झाडीपट्टीची नाटकं रंगतात. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात धान निघालं, थंडी पडली की कबड्डीच्या सामन्यांचे दिवस येतात. या भागातल्या जुन्या पिढीच्या तोंडी या खेळाचं नाव हुतूतू. मैदानाच्या कडेला बसणाऱ्याला कोणत्या गावाचा कोपरा पक्का, कोणाची चढाई डावीकडून, कोण पहिल्या सत्रानंतर दमतो, हे पाठ असतं.

विदर्भाचं या खेळाशी नातं जुनं आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेलेलं पथक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं होतं आणि त्या प्रात्यक्षिकांत कबड्डीही होती. 2014 च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा आठ संघ होते. पाचव्या हंगामात, 2017 मध्ये, ते बारा झाले. त्याच वर्षी बंगळुरू बुल्सचे घरचे सामने नागपूरला मानकापूरच्या क्रीडा संकुलात झाले आणि टीव्हीवरचे चढाईपटू भंडाऱ्याच्या प्रेक्षकाला समोर बसून पाहता आले.

याच काळात फँटसी खेळही मोबाईलवरून गावात पोहोचला. त्याची रीत सोपी: खऱ्या सामन्यातले सात गडी आपल्या कागदावरच्या संघात घ्यायचे, ते मॅटवर जे करतील त्याचे गुण आपल्याला मिळणार. कर्णधार नेमला त्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. प्रत्येक गड्याला एक किंमत आणि खर्चाला मर्यादा. सगळेच तारे एका संघात मावत नाहीत, म्हणून निवड करावी लागते. निवड आली की क्रमवारी आली.

ओकलंडमधली पहिली निवड

या छंदाचं मूळ अमेरिकेत आहे. ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघातले एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी 1962 मध्ये काही सोबत्यांबरोबर या खेळाचे नियम आखले. 1963 मध्ये ओकलंडला पहिली निवड झाली. एकेकाने पाळीपाळीने खेळाडू घ्यायचा, एकदा घेतलेला दुसऱ्याला मिळणार नाही. त्या निवडीत सर्वांत पहिलं नाव पुकारलं गेलं ते जॉर्ज ब्लांडा याचं.

ब्लांडा क्वार्टरबॅक होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा जणांच्या चढाईचा हा सूत्रधार. चेंडू आधी त्याच्या हाती येतो. तो फेकायचा, दुसऱ्याकडे द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे काही क्षणांत त्यालाच ठरवावं लागतं. ब्लांडाने 1961 मध्ये 36 टचडाऊन पास, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार पोचवणाऱ्या फेकी, दिले होते, शिवाय तो लाथेने गोलही मारायचा. त्याचं नाव मोठं होतं. पण त्याच निवडीत त्याच्या मागे राहिलेल्या जिम ब्राउनने 1963 च्या हंगामात चेंडू घेऊन 1,863 यार्डांची धाव मारली आणि नवा विक्रम केला.

पुढच्या साठ वर्षांत अमेरिकेतल्या फँटसी खेळाडूंनी या निवडीतून एक हिशेब पक्का केला. बारा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाला एकच क्वार्टरबॅक खेळवायचा असेल, तर बारा क्वार्टरबॅक पुरतात. पहिल्या आणि बाराव्यातलं अंतर फार नसेल, तर पहिली पाळी त्याच्यावर घालवण्यात तोटा आहे. धावपटू मात्र दोन-दोन, तीन-तीन लागतात आणि चांगले लवकर संपतात. म्हणून खेळातला सर्वांत महत्त्वाचा माणूस कागदावरच्या संघात अनेकदा उशिरा घेतला जातो.

नियम बदलले की हा हिशेबही बदलतो. तिकडच्या बहुतेक लीगमध्ये फेकून मिळवलेल्या टचडाऊनला चार गुण, पळून मिळवलेल्याला सहा. त्यामुळे पळणारा क्वार्टरबॅक वर सरकतो. 2019 मध्ये बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनने 36 टचडाऊन पास दिले आणि वर 1,206 यार्ड स्वतः पळाला. ज्यांनी त्याला उशिरा घेतलं होतं, त्यांची लॉटरी लागली असं तेव्हा म्हटलं गेलं. पण तो पळतो, हे आधीच्या हंगामातच दिसलं होतं. आणि 2023 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क जेट्सचा आरन रॉजर्स नव्या संघाकडून चार डाव खेळला न खेळला तोच त्याच्या टाचेमागची अकिलीस शीर तुटली. पवन सेहरावतची गोष्ट तिकडेही घडते.

बेरीज आणि सरासरी

कबड्डीत क्वार्टरबॅकची जागा चढाईपटूची. तीस सेकंद, एक श्वास, समोर सात जण आणि काय करायचं ते एकट्याने ठरवायचं. त्याची क्रमवारी लावताना पहिली चूक होते ती हंगामाची बेरीज पाहून.

एका हंगामातल्या सर्वाधिक चढाई-गुणांचा मान परदीप नरवालचा: पाचव्या हंगामात पाटणा पायरेट्सकडून 369. त्याच हंगामात हरियाणा स्टीलर्सविरुद्ध त्याने एका सामन्यात 34 गुण मिळवले, त्यांत एकाच चढाईतले आठ होते. सातव्या हंगामात पवनचे गुण 346. बेरीज पाहिली तर परदीप पुढे. पण परदीपचे सामने 26 आणि पवनचे 24. सरासरी काढली की परदीप 14.2 आणि पवन 14.4. फँटसी खेळणाऱ्याला पुढच्या सामन्याचे गुण हवे असतात. त्याच्या दृष्टीने सरासरी हा एक आकडा आणि गडी किती सामने खेळेल हा दुसरा. दोन्ही वेगवेगळे लिहायचे, मग गुणाकार करायचा. एकदम बेरीज घेतली, की दुखापतीची शक्यता नजरेआड होते.

दुसरी चूक भावाची. 2021 मध्ये परदीपला यूपी योद्धाने 1 कोटी 65 लाखांना घेतलं, तो तेव्हाचा उच्चांक होता. त्या हंगामात त्याचे गुण दोनशेच्याही खाली राहिले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई सहाव्या हंगामात यू मुंबाकडून पहिल्यांदा खेळला आणि 218 गुण घेऊन गेला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाख दिले. तो भाव त्याने सार्थही केला, पण आठव्या हंगामात दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळू शकला. लिलावाचा भाव गेल्या वर्षीच्या कामाचा असतो. परदीप 1,801 चढाई-गुणांसह लीगच्या यादीत सर्वांत वर होता, तरी 2025 च्या लिलावात त्याला कुणी घेतलं नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली.

तिसरी गोष्ट दिसायला लहान, पण क्रमवारीचा सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो: संधी. एका संघात मुख्य चढाईपटू एक असतो, फार तर दोन. बाकीचे त्यांच्या सावलीत. दहाव्या हंगामात दबंग दिल्लीचा नवीनकुमार सुरुवातीच्या काही सामन्यांनंतर जायबंदी झाला आणि चढाईचा भार आशू मलिकवर आला. आशूने त्या हंगामात 276 गुण मिळवले, लीगमध्ये सर्वाधिक. पुढच्या हंगामात पाटण्याच्या देवांक दलालने 301 केले. त्याआधी त्याचं नाव वरच्या याद्यांत नव्हतं, त्यानंतर बंगाल वॉरियर्सनी त्याला 2 कोटींच्या वर भाव दिला. नरेंदर, आशू, देवांक या तिघांच्या अंगात गुण आधीपासून होते. त्यांना मिळाल्या त्या चढाया. म्हणून चांगली क्रमवारी लावणारा आधी विचारतो: या संघात दर सामन्यात याला किती वेळा आत पाठवतील?

याला जोडून आणखी एक हिशेब आहे, तो कबड्डी पाहणाऱ्यालाच कळतो. बाद झालेला चढाईपटू बाहेर बसतो; त्याच्या संघाने समोरचा गडी बाद केला, नाहीतर लोण चढून सगळा संघ नव्याने उतरला, तरच तो परत येतो. बोनस गुणाने कुणी परत येत नाही. त्यामुळे ज्याच्या संघाचे कोपरे मजबूत, तो चढाईपटू बाकावर कमी वेळ बसतो. पकडी न होणाऱ्या संघातला तितकाच चपळ गडी अर्धा सामना बाहेर काढतो. अमेरिकेत क्वार्टरबॅक निवडताना त्याच्या समोरची संरक्षक फळी पाहतात, तसाच हा प्रकार. चढाईपटूची क्रमवारी लावायची तर आधी त्याच्या संघाच्या पकडी मोजाव्या लागतात.

आणि बोनस घेणारे वेगळे. समोर सहा किंवा अधिक गडी असले तरच बोनस रेषा चालू असते. पाय टाकून एकेक गुण जमवणारा गडी मोठी बेरीज क्वचित करतो, पण रिकाम्या हाताने फारसा येत नाही. दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या, 'डू ऑर डाय' चढाईला नेहमी पाठवला जाणारा गडी मात्र धोक्याचा: गुण घ्यायचा नाहीतर बाद. दोघांची सरासरी सारखी असली तरी कर्णधार कोणाला करायचं, हे इथे ठरतं. एका सामन्यात दुप्पट गुण हवे असतील तर उसळी मारणारा, पूर्ण हंगामाच्या लीगमध्ये दर आठवड्याला भरवसा हवा असेल तर बोनसवाला.

एकविसाव्याची किंमत

आता शीर्षकातल्या गड्याकडे येऊ. समजा दहा मित्रांनी हंगामभराची लीग मांडली आणि प्रत्येकाने दोन चढाईपटू घ्यायचे ठरवलं. म्हणजे वीस जाणार. एकविसावा कोणाच्याही वाट्याला न गेलेला, फुकट मिळणारा गडी. क्रमवारीत प्रत्येक नावापुढे त्याचे अंदाजे गुण लिहायचे, पण किंमत ठरवायची ती एकविसाव्याच्या गुणांपासूनच्या अंतरावर.

समजा पहिल्याचे गुण 300 आणि एकविसाव्याचे 120. पहिल्याची खरी किंमत 180. पाचव्याचे 220, त्याची किंमत 100. आता बचावपटू घ्या. प्रत्येकी तीन म्हणजे तीस जाणार. पहिल्याचे पकडीचे गुण 90, एकतिसाव्याचे 40. बहुतेक फँटसी खेळांत पकडीला चढाईतल्या एका स्पर्शापेक्षा जास्त गुण असतात. इथे अडीचपट धरले तर 225 आणि 100. अंतर 125. म्हणजे पहिले तीन-चार चढाईपटू गेले, की पाचव्या चढाईपटूपेक्षा पहिला बचावपटू घेणं फायद्याचं.

हे कागदी आकडे आहेत, पण मॅटवर असा गडी होऊन गेला. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणच्या मोहम्मदरेझा शादलुईने पकडीचे 99 गुण मिळवले, लीगमध्ये सर्वाधिक. तो चढायाही करतो. इराणच्या या गड्यावर पलटणने 2 कोटी 35 लाख लावले होते.

त्याच पलटणमध्ये मराठी क्रमवारीकाराने सर्वांत बारकाईने वाचावा असा धडा आहे. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. चढाईच्या गुणांच्या यादीत पहिल्या काही नावांत पलटणचा कोणीच नव्हता. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांनी चढाया वाटून घेतल्या होत्या. अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला कर्णधार अस्लम हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, कारण तो चढाई आणि पकड दोन्ही करत होता. संघ विजेता आणि चढाईपटू मधल्या फळीत, हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं. फँटसीच्या यादीत अस्लम पाचवा-सहावा असला, म्हणून गडी म्हणून तो पाचवा-सहावा होत नाही. यादी गुणांच्या वाटपाची असते.

कोर्टात गेलेली वही

अशी क्रमवारी लावून जिंकणं हे कसब की नशीब? असा प्रश्न मुंबईच्या कोर्टांना जुनाच. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला हा खटला गाजला आणि जुगाराला व्यापाराचं संरक्षण मिळणार नाही, असं ठरलं. 30 एप्रिल 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फँटसी खेळ चालवणाऱ्या ड्रीम इलेव्हनच्या बाजूने कौल दिला: फँटसीतला निकाल खऱ्या सामन्यात कोण जिंकलं यावर अवलंबून नसतो, खेळाडूंच्या निवडीवर असतो, म्हणून हा कसबाचा खेळ. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी मुंबईत उभी केलेली ही कंपनी 2020 मध्ये आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली आणि 2023 मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर पोहोचली.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. त्यात कसब की नशीब हा भेदच उरला नाही. पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि जर्सीवरून नावही गेलं.

या बंदीने क्रमवारी लावणाऱ्याचं नुकसान झालं नाही. भारतात फोफावला तो एका सामन्याचा फँटसी: संध्याकाळी संघ लावायचा, रात्री निकाल, समोर लाखो अनोळखी माणसं. एका सामन्यात पवन पहिल्या दहा मिनिटांत जखमी होऊ शकतो, परदीप 34 गुण घेऊ शकतो. अशा ठिकाणी अभ्यास आणि योगायोग वेगळे काढणं कठीण, आणि पैसे गमावणाऱ्याला उद्या भरून काढू असं वाटत राहतं. गावातल्या पोरांच्या खिशातून गेलेले पैसे असेच गेले. हंगामभराच्या लीगमध्ये प्रत्येक संघाचे वीसच्या आसपास सामने असतात. तेवढ्यात योगायोग बराचसा बोथट होतो आणि कोणी नीट पाहिलं होतं, ते दिसून येतं. कसबाचा खरा खेळ हा आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

सानगडीची लीग

सानगडीसारख्या गावात ही लीग उभी करायला एक वही, दहा जण आणि लिलावाच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ पुरते. निवडीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा आणि दर फेरीला उलटा करायचा: पहिल्या फेरीत जो दहावा, तो दुसऱ्या फेरीत पहिला. प्रत्येकी दोन चढाईपटू, तीन बचावपटू, एक अष्टपैलू आणि एक राखीव. जखमी गड्याच्या जागी कुणाच्याही वाट्याला न गेलेला घ्यायची मुभा हवीच. ती असली, तर पवनचा गुडघा गेला तरी नरेंदरला पहिल्यांदा ओळखणाऱ्याला त्याचं बक्षीस मिळतं. चढाई आणि पकड यांचे गुण आधी ठरवून भिंतीवर लावायचे, मग क्रमवारी लिहायची.

क्रमवारीच्या वहीत पाच रकाने: गड्याचं नाव, अपेक्षित सामने, दर सामन्याला अपेक्षित चढाया, त्याच्या संघाच्या पकडी आणि शेवटी एकविसाव्यापासूनचं अंतर. लिलावाच्या भावाला रकाना ठेवायचा नाही. हाच तक्ता तालुक्याच्या स्पर्धेलाही चालेल, तिथे तर चढाया मोजायला टीव्हीची गरज नाही. धान चुरून झालं की शेजारच्या गावचे संघ येतील. एखाद्या पोराने शाळेच्या वहीत पाच सामन्यांतल्या चढाया आणि पकडी टिपल्या, तर त्या गावाचा बदली चढाईपटू किती तयार आहे, हे संघ निवडणाऱ्यांआधी त्याला कळलेलं असेल.